सुकतीची वेळ

पुळणीवर हिरवा डाग दिसला की मी बूट काढते.
लांबून वाटतं, कुणाच्या होडीतला रंग सांडलाय.
जवळ जावं तर डाग वळवळतो:
तांदळाच्या कणीएवढे किडे, लाखांनी,
एकमेकांना चिकटून उन्हात पसरलेले.

तोंड आहे, पोट नाही.
अंगातच शेवाळ पाळलंय, ते ऊन खातं
आणि हे त्याच्या उष्ट्यावर जगतात.
डोक्यात दगडाचा एक कण.
तो जिकडे कलंडेल ती खालची बाजू.
एवढाच भूगोल.

टाच पडली की संपलं.
कंप वाळूला कळतो, वाळूकडून त्यांना,
आणि मी नळी टेकवेपर्यंत
समोर नुसती ओली, कोरी, राखी वाळू.
भ्यायले म्हणावं, तर भ्यायला आत कुणी आहे का?
वीस वर्षं प्रयोगशाळेत हेच विचारतेय.
यान-एर्वान म्हणतो, आझेनोर, तू नमुने आण,
प्रश्न नको आणूस.

बरणीत भरून आणले तरी
सुकतीला ते वर येतात.
दोन जिने वर, खिडकीच्या कडेला,
जिथे लाट नाही, खेकडा नाही, कुणाचं पाऊलही नाही,
तिकडे खाली पाणी ओसरलं की इकडे काच हिरवी होते,
आणि पाणी फिरायच्या आत पुन्हा तळाशी.
आज दहाला.
उद्या अकराला दहा कमी.

वडलांना रेनच्या इस्पितळात हलवलं, चौथा मजला,
खिडकीतून फक्त गाड्यांचा तळ दिसतो.
रात्रपाळीची मिर्लांद म्हणाली,
झोपेची गोळी लागू पडत नाही हो.
उठतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात,
भिंतीवर दार चाचपतात.
वेळेचा काही धरबंध नाही.
तरी तिने नीट लिहून ठेवलं होतं:
सोमवार, एक चाळीस.
मंगळवार, अडीच.
बुधवार, तीन वीस.
गुरुवार, चार दहा.

माझ्या पर्समध्ये भरती-ओहोटीचं पुस्तक असतंच,
आमच्या गावात ते पावाबरोबर फुकट देतात.
पान उघडून तिच्या कागदाशेजारी ठेवलं.
ती बोट ठेवून एकेक ओळ उतरत गेली.
मग म्हणाली, पण तो किनारा इथून
दोनशे किलोमीटर आहे.

हो.
आणि घोडी मेली त्याला एकतीस वर्षं झाली.
तिच्या गाडीत शेवाळ भरायला
गूल्वेन काराडेक अंधारात उतरायचे,
कंदील दातांत, विळा पाठीशी,
आणि पाणी घोट्याला लागायच्या आत परत.
घरी घड्याळ होतं. ते आईचं.

पुढचं मिर्लांदला मी सांगितलं नाही.
बरणीतले किडे हिशेब थोडेच दिवस ठेवतात.
मग एखादा लवकर येतो, एखादा येतच नाही,
काचेवरचा हिरवा विरळ होतो,
ते दिवसभर कुठेतरी मध्येच तरंगत राहतात
आणि आम्ही बरणी ओतून नवे आणतो.

शुक्रवारी पाचला मी अनवाणी बसले होते.
त्यांनी डोळे उघडले.
पाणी कुठवर गेलं?
खाली दिव्यांखाली डांबर चकाकत होतं.
काळ्या खडकाच्या पलीकडे, मी म्हणाले.
मग चल की, म्हणाले, आणि एकच पाय
पलंगाखाली सोडून
तसेच बसून राहिले. फरशी गार आहे का
पाहत असावेत.

आज शनिवार. सहाला दहा कमी.
बूट माझ्या मांडीवर.
ते झोपलेत.
सहा. सव्वासहा.
मिर्लांद दारातून डोकावते, खूश होते,
कागदावर काहीतरी लिहिते.

खाली कुणीतरी गाडीचं दार आपटतं.
चादरीवरची त्यांची बोटं
आत जातात.